पुतण्याने बंदूक चकाचक केली

मंडळी, रागाच्या भरात लिहितोय, अक्षरं चुकली तर सांभाळून घ्या.

आज खंडेनवमी. पूजेत आजोबांची दुनळी बंदूक मांडतो. त्यांनी ती विकत घेतली होती, पण भाऊबंद वर्षानुवर्षं म्हणतात, "म्हाताऱ्यानं साहेबाची चोरली." परवान्यावर नुसतं 'विलायती' लिहिलंय.

मागच्या महिन्यात पुण्यातल्या बंदूकवाल्याने भिंग लावून सांगितलं, "फ्रान्सची आहे. नळ्यांखाली कारागिराचं नाव आणि नंबर गंजात दबलेत. तेलाने हळूहळू काढा. मग तिथल्या कारखान्याच्या जुन्या वह्यांत ती कुणाला विकली ते शोधता येईल."

सातवी शिकलेला मी रोज तेलाचा बोळा फिरवत होतो. नावाची तीन अक्षरं वर आली होती.

पुतण्या इंजिनिअर, महाळुंग्याला त्याचं बफिंगचं, म्हणजे धातू घासून चमकवायचं, वर्कशॉप. काल नळ्या मीच त्याच्याकडे दिल्या, पूजेसाठी नुसत्या पुसायला. आज सकाळी घेऊन आला.

"काका, तोंड बघा त्यात!"

मी नळ्या उलट्या केल्या. खालचा भागही आरशासारखा गुळगुळीत.

"अरे, नाव कुठंय?"

"ते खरबरीत व्हय? डाग होता की. मशीनवर दोन मिनटांत गेला."

दोन मिनिटांत! ही यांची डिग्री. घासायच्या आधी वाचावं, एवढंही कॉलेजात शिकवत नाहीत.

एवढ्यात पूजेला आलेल्या चुलतभावाने नळ्या हातात घेतल्या आणि खो-खो हसला. "नंबर घासून काढला व्हय? चोरीच्या गाडीचा काढत्यात, तसा!"

आता त्याला मी काय दाखवू, सांगा.