आईसाठी खोली

शाळेतल्या वरच्या वर्गांसाठी घर आखण्याची स्पर्धा निघाली, तेव्हा आईने कौतुकाने आपली शिवणाची टेप मुलीच्या हातात दिली. तिथेच आई अडकली, पण ते कळायला महिना गेला.

विषय होता, घरातल्या एका माणसासाठी एक खोली. पहिल्या नंबराची खोली फरश्यांची एक कंपनी खरोखर बांधून देणार होती. मुलगी उंच, सडपातळ. घरात सगळे तिला फुटपट्टी म्हणत. तिने आजोबांना सोडलं, बापाला सोडलं आणि आईला धरलं.

"तुला कुठे गं जागा आहे? मशीन बोळात, इस्त्री ओट्यावर, कापड आजोबांच्या पायाशी."

आई हरखली. आपल्याकडे बघणारं घरात कुणीतरी आहे म्हणायचं! मग महिनाभर पोरगी टेप घेऊन तिच्या मागे. आई भाजी चिरतेय, घे माप. सासऱ्यांना औषध देतेय, घे माप. मशीनवर वाकलीय, तर पाठीवरून टेप सरकतेय.

"अगं, मला शिवतेस की काय?"

"हलू नकोस ना! माणूस जसा वावरतो तसाच मोजायचा, सरांनी सांगितलंय."

टाचण्या ओठांत धरून आई हसली. गिऱ्हाइकाला ती आधी सरळ उभं करी, हात सैल सोडायला लावी, श्वास घ्यायला सांगे आणि मगच टेप लावी. वाकलेल्या माणसाचं माप घेतलं की कपडा ताठ उभं राहिल्यावर काखेत धरतो. पण हे शाळेचं काम, आपण कशाला नाक खुपसा, म्हणून ती गप्प राहिली.

शिवाय तिच्या पोटात वेगळीच गोष्ट होती. बाजारामागच्या गणवेशांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर बाई हवी होती. मालकीणबाई स्वतः घरी येऊन विचारून गेल्या होत्या. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं, मध्ये चार बायकांत बसून डबा खायचा. कुणाची हाक नाही. शनिवारपर्यंत कळवा, म्हणाल्या. आई घरात विषय काढायला बघे, पण कधी सासऱ्यांना खोकल्याची उबळ येई, कधी नवरा कामावरून वैतागून आलेला असे.

शुक्रवारी पुठ्ठ्याची खोली ओट्यावर आली. मुलीने छत उचललं आणि सगळे वाकून बघू लागले. मधोमध मशीन. डाव्या हाताला सरकती खिडकी, ती शेगडीवर उघडणारी. उजवीकडे दुसरी, आजोबांच्या उशाशी. समोर काच, घरात कोण आलं-गेलं ते बसल्या जागी दिसावं म्हणून. मशीनसमोरच्या खुर्चीत बोटाएवढी कापडाची आई.

आईने तिला उचलायला बघितलं. ती निघेना.

"सारखी पडत होती," फुटपट्टी म्हणाली, "म्हणून डिंकाने चिकटवली."

"झकास!" सासरे खूश झाले. "सूनबाई, आता हाक मारायला घसा फोडायला नको."

"आणि गिऱ्हाईक घरीच येईल," नवरा म्हणाला. "तुला कुठे जायलाच नको."

ओठांवर आलेला विषय आईने तसाच गिळला.

शनिवारी शाळेच्या सभागृहात तीन परीक्षक होते. त्यांतल्या बाईंनी आईलाच पुढे बोलावलं. "खोली तुमची. काय कमी वाटतं यात?"

नवऱ्याने मोबाइल वर धरला.

"बाहेर पडायला... दार?" आई म्हणाली.

"स्वयंपाकघरातून आहे ना!" फुटपट्टी तयारच होती. "वेगळं दार दिलं असतं तर इस्त्रीची जागा गेली असती."

दोघा परीक्षकांनी माना डोलावल्या. बाईंची नजर मात्र आईवरून हलली नाही. "पण त्यांना हवं असेल तर?"

एवढंच म्हणायचं होतं, हो, हवंय. मुलीने खालचा ओठ दातांत धरला होता. लहानपणी पडल्यावर रडू येऊ नये म्हणून धरायची तसा.

"छे हो, सहज विचारलं," आई म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. पहिला नंबर फुटपट्टीचाच आला.

घरी पोचताच नवऱ्याने जागा आखायला कंपनीच्या गवंड्याला बोलावलं. आई मोबाइल घेऊन जिन्यात गेली.

"मला नाही जमणार, बाई," तिने मालकीणबाईंना सांगितलं.

"घरचे नाही म्हणाले का?"

"त्यांना विचारलंच नाही."

"मग झालं तरी काय?"

आतून फुटपट्टीची हाक आली, "आई, ये ना! तुझ्याशिवाय आखता येत नाहीये!"

"लेकीने खोली काढलीय माझ्यासाठी. स्पर्धेत पहिली आली. बांधून देणार आहेत."

"अगंबाई! स्वतःची खोली? नशीबवान आहात हो."

"हो," आई म्हणाली, आणि आणखी काही तोंडून निघायच्या आत तिने फोन बंद केला.