एकेचाळीस पावलं, मग डावीकडे एकोणीस

आमच्या ह्यांना सगळे पाताळवाले काका म्हणायचे. धंदा बोअर मारण्याचा, पण पाण्यासाठी नव्हे. जमिनीत तीनशे फूट भोक पाडायचं, त्यात लांबलचक नळी दुमडून सोडायची, वरून बुजवायचं आणि नळीतून तेच ते पाणी फिरवत ठेवायचं. थंडीत ते पाणी जमिनीतली ऊब वर आणायचं, उन्हाळ्यात खोल्यांमधला उकाडा खाली नेऊन सोडायचं. मधलं काम एक पंप आणि कपाटाएवढं यंत्र करायचं. गिऱ्हाईक चक्रावलं की हे विचारायचे, "विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं की नाही? मग झालं तर!" माझा भाऊ मात्र टोमणा मारायचाच. "भावोजी, लोक डोंगर पोखरून निदान उंदीर तरी काढतात. तुम्ही तर तोही काढत नाही."

हे संध्याकाळी दारात उभे राहिले की डोळे तेवढे ओळखू यायचे, बाकी सगळा राखाडी गाळ. मी कपडे अंगणातच उतरवून घ्यायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. हे आपले खिशातून दगडाचा भुगा काढून माझ्या तळहातावर ठेवणार. "बघ, दोनशे फुटांवरचा. आजवर कुणी बघितला नव्हता." धुणं बडवून कंबर मोडायची, पण ते दिवस परत मिळाले तर मी आजही दोन बादल्या भरून बसेन.

माणूस कामाला चोख, पण एक खोड होती. टेप लावायचा नाही. सगळं मोजमाप पावलांनी. "टेप हरवतो, पाय कुठे हरवतात?" म्हणायचे. सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात ते चेंबर कुठे पुरलंय, हे एका काळ्या डायरीत लिहिलेलं असायचं, पण पावलांत. मी एकदा म्हटलं होतं, नकाशा काढून ठेवा. तर म्हणे, मी आहे ना!

काम सोडून अकरा वर्षं झाली होती. गुडघा बदलून झाला होता. अशात प्रसूतिगृहातून फोन आला. तिथले आठ बोअर म्हणजे ह्यांचं सगळ्यात मोठं काम. आमची धाकटी तिथलीच, ऐन थंडीतली. बाहेर दात वाजत होते आणि ही बाई एका दुपट्यात निवांत झोपलेली.

तिथली इंजिनिअर पोरगी नीट बोलली. "काका, एका नळीला गळती आहे. तेवढा व्हॉल्व्ह बंद केला तर बाकीच्या सात आणखी तीस वर्षं चालतील. पण चेंबर फरशीखाली गेलंय. सोमवारपर्यंत नाही सापडलं तर हे सगळं कायमचं बंद करून गच्चीवर नवी यंत्रं बसवणार आहेत."

हे डायरी घेऊन निघाले, मी सोबत. इमारतीच्या कोपऱ्यापासून सरळ एकेचाळीस पावलं, मग डावीकडे एकोणीस. हे मोठ्याने मोजत गेले, काठीने खूण केली. गड्यांनी फरशा काढून खणलं. नुसती माती. पुन्हा मोजलं, पुन्हा खणलं. तिसऱ्यांदा गड्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ह्यांनी डायरी मिटली. "चुकीचं लिहिलं असेन," म्हणाले. या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

घरी ताट तसंच ठेवून हे पलंगावर पडले. मी डायरी चाळत बसले आणि पहिल्याच पानावर आमचं घर सापडलं. ह्यांनी पहिलं काम आमच्याच परसात केलेलं. 'स्वयंपाकघराच्या भिंतीपासून अकरा पावलं.' तिथल्या चेंबरचं झाकण तर रोज माझ्या डोळ्यांसमोर! टेप शोधला आणि ह्यांना हलवून उठवलं. "अहो, लिहिलंय ते बरोबर आहे. पावलं म्हातारी झाली तुमची. उठा, टोक धरा."

अंतर भरलं नऊ मीटर दोन सेंटिमीटर. भागिले अकरा, म्हणजे एक पाऊल ब्याऐंशी सेंटिमीटर. मग ह्यांना आत्ताचं पाऊल टाकायला लावलं. जेमतेम साठ. हे टेपकडे बघत राहिले. "एवढा चालायचो मी?"

दुसऱ्या दिवशी टेपने मोजलं. कालच्या खड्ड्यापासून चांगलं दहा-बारा मीटर पलीकडे कुदळ ठण्ण वाजली. झाकण उघडलं, पोरीने आत उतरून एक व्हॉल्व्ह बंद केला, आणि पंपाच्या खोलीतला दाबाचा घसरत चाललेला काटा जो थांबला तो हललाच नाही. तासभर आम्ही तिथेच बसून होतो. हे नळीवर हात ठेवून बसले.

निघताना फाटकाशी ह्यांनी अचानक टेप मागितला. "चाल बघू दोन पावलं," मला म्हणाले. चालले. वाकून मोजलं त्यांनी. पंचावन्न.

"म्हणजे दर पावलाला वीतभराहून जास्त मागे पडायचीस तू?"

"हो."

"चाळीस वर्षं?"

"हो की."

ह्यांचे डोळे भरून आले. "अगं, मग एकदा तरी हाक मारायचीस."

"मारायची की," मी म्हटलं. "पण तुम्ही इतके पुढे असायचात, ऐकू कुठून जाणार?"