वातींची वही

चातुर्मासात मी लाख वाती वळायचा नेम धरला होता. रोजचा आकडा वहीत लिहायचा आणि भेटेल त्याला ऐकवायचा. काल देवळाच्या ओट्यावर शेजारच्या कुसुमकाकू कापूस घेऊन बसल्या होत्या. एकेक वात वळून झाली की उजेडात धरून बघत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या.

“काकू, किती झाल्या?”

“मोजतंय कोण? वळताना बरं वाटतं बघ.”

मला रागच आला. घरी येईपर्यंत कळलं, की मी एकाही वातीकडे असं बघितलं नव्हतं. देवापेक्षा वहीचीच पूजा केली होती.

आज वही माळ्यावर टाकली. वळताना मन अजून मोजतंच. मोजू दे मेलं! एक दिवस ते आकडा विसरेल, तोवर मी वळत राहणार.