डीपची सगळी रूपं

डांबरगोळ्यांचा वास आला, की पेटीतला ठेवणीतला सदरा घालून अमडापूरला मुलगी पाहायला गेलो होतो ते आठवतं. इंग्रजीत दोनदा नापास झालेला मी पोह्यांच्या बशीत डोकं घालून बसलो होतो. आमच्या मास्तर मामांनी तिला विचारलं, “पोरी, डीपचे अर्थ सांग.” तिनं खोल विहीर, गाढ झोप, गडद रंग असं सांगून डीपर, डीपेस्ट, डेप्थ, डीपनही धडाधड म्हणून दाखवलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, “मामाजी, आता यायले वाइडची रूपं विचारा.” मामांचा चेहरा उतरला. मी कपाळ पुसत म्हणालो, “मले नाही येत.” ती खुदकन हसून वडिलांकडे वळली, “बाबा, खोटं तं नाही बोलत! मले पोरगा पसंत हाये.” इंग्रजीत मी आयुष्यात तेवढाच एकदा पास झालो, आणि अजून पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो.