बावीस गाई, एक नंबर

कसं सांगू आणि कुठल्या तोंडाने सांगू? पस्तीस वर्षं दिल्लीत बातमीदारी केली. भर पत्रकार परिषदेत मंत्र्यांना घाम फोडला. आणि माझी अब्रू गेली कुठे, तर एका गोठ्यात, बावीस गाईंच्या साक्षीने. चहा घ्या आधी. आणि मध्येच हसू नका, शेवटी एकदम हसा.

मेट्रो नुकतीच द्वारकेपर्यंत आली होती, तेव्हाची गोष्ट. बायकोच्या नोकरीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायला आलो होतो. गेटवर इंटरकॉम, लिफ्टमध्ये आरसा आणि गेटबाहेर रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेल्या गाई. रस्ते नवे, गाड्या नव्या, गाई मात्र मूळच्या तिथल्याच. त्यांच्या चरायच्या जागेवर आमचे फ्लॅट उभे राहिले, त्यांनी जायचं कुठे?

त्यावर सरकारने उपाय काढला. प्रत्येक गाईच्या मानेत, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचायची. गाय रस्त्यावर सापडली की एक हातातलं यंत्र तिच्या मानेजवळ धरायचं, बटण दाबायचं, नंबर दिसतो, मालक कळतो. मी हे ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. उदारीकरणानंतर या देशात खोक्यातून जे जे बाहेर निघालं, त्या प्रत्येक वस्तूवर माझा संशय आहे. मी ताबडतोब लेख ठोकला: चिपा गाईंच्या मानेत नाहीत, नुसत्या कागदावर आहेत. पुरावा? पुरावा नंतर मिळतो हो, आधी आवाज उठवावा लागतो.

पंचाईत अशी की आमच्याच हद्दीतल्या गोसदनात, म्हणजे रस्त्यावर पकडलेल्या गाई ठेवायच्या सरकारी गोठ्यात, त्या चिपा टोचल्या होत्या आमच्याच सोसायटीतल्या डॉक्टर मेश्रामने. चौथ्या मजल्यावरचा, मूळ भंडाऱ्याचा, तिशीतला पशुवैद्य. चौदा एप्रिलला त्याच्या आईच्या हातची खीर आमच्या घरी न चुकता यायची. बिचाऱ्याची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. तिचे कागद साहेबाच्या टेबलावर होते आणि शेजारी माझ्या लेखाचं हिंदी भाषांतर.

रविवारी सकाळी तो एक सीलबंद खोकं घेऊन वर आला. नवं यंत्र होतं, त्याच आठवड्यात आलेलं.

"काका, बुधवारी माझ्या कन्फर्मेशनचा निकाल आहे," तो म्हणाला. "तुम्ही उद्या स्वतः येऊन बघा. एक जरी गाय बिनचिपची निघाली, तर खुशाल छापा. पण बघून छापा."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी म्हटलं, येतो, पण यंत्र माझ्या हातात राहील. लावणार मी, चालवणार मी, तू त्याला बोट लावायचं नाहीस. नजरबंदीचे खेळ मी पुष्कळ पाहिलेत. तो लगेच तयार झाला आणि खोकं ठेवून गेला.

आता मी यंत्र लावायला बसलो. टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडं मोठं, पुढे चपटं तोंड, वर छोटा पडदा. सोबत बारीक अक्षरातली पुस्तिका. नलू, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली की आधी ती वाच. मी तिला सांगितलं, मी जन्मात कधी प्रेस नोट वाचून बातमी लिहिली नाही. बॅटरी चार्ज केली. तारीख लावली, कारण यंत्राच्या मते तेव्हा कुठल्या तरी जुन्याच सालातली एक जानेवारी होती. आवाज चालू केला. वाचलेला प्रत्येक नंबर आत साठवून ठेवायची सोय होती, तीही चालू केली. म्हटलं, पुरावा राहील.

खोक्याच्या तळाशी रुपयाएवढी प्लॅस्टिकची चकती निघाली. तिच्यात तशीच एक चिप होती, यंत्र चालतंय का हे तपासण्यासाठी. चकती जवळ धरून बटण दाबलं. टूं! पडद्यावर लांबलचक नंबर आला. तो काय होता? कोण बघतो! चष्मा कपाळावर होता. आवाज आला, यंत्र चालतंय, विषय संपला.

आता मला सांगा, मराठी घरात नवी वस्तू आली की पहिलं काम कोणतं? कव्हर. आमच्याकडे रिमोटला कव्हर, फोनला कव्हर, मिक्सरला झालरीचं कव्हर. स्कूटरच्या सीटला तर कव्हर आणि ते मळू नये म्हणून वर आणखी एक कव्हर. आणि हे नाजूक यंत्र गोसदनातल्या धुळीत आणि शेणात उघडं न्यायचं? मी माझी जुनी करडी टेरिकॉटची पँट काढून दिली आणि नलूने तिच्या एका पायाचं सुबक कव्हर शिवलं. पडद्यापुरती खिडकी ठेवली, बटणापुरतं काज केलं. मी म्हटलं, चकतीसाठी एक खिसा लाव. ती म्हणाली, चकती ड्रॉवरमध्ये ठेव. मी म्हटलं, या घरात ड्रॉवरमध्ये गेलेली वस्तू थेट दिवाळीच्या साफसफाईला निघते, सोबत आलेली वस्तू सोबतच राहिली पाहिजे. तिने पँटचाच मागचा खिसा उसवून, बटणासकट, कव्हरला लावून दिला. मी चकती आत घातली आणि बटण लावलं.

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं.

सोमवारी संध्याकाळी गोसदनात बावीस गाई ओळीने बांधलेल्या. डॉक्टर कबूल केल्याप्रमाणे चार पावलं लांब उभा. शेवटच्या गाईपाशी पालम गावातली रामरती नावाची बाई गाईच्या नंबरचं कार्ड हातात धरून उभी होती. ती गाय, बिजली, तिची. कार्डावरचा नंबर आणि यंत्रातला नंबर जुळला की गाय घरी.

पहिल्या गाईच्या मानेशी यंत्र धरलं. टूं. मी डायरीत शेवटचे चार आकडे लिहिले: ४१०७. डॉक्टरच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुसरी गाय. टूं. ४१०७. मला वाटलं, आपलंच चुकलं. तिसरी. ४१०७. चौथी, पाचवी, सहावी. ४१०७! डॉक्टरने लांबूनच मान उंचावून पडदा बघितला आणि त्याचं हसू गेलं. एक मिनिट यंत्र द्या म्हणाला. मी कराराची आठवण दिली: बोट लावायचं नाही.

बिजलीपर्यंत पोचलो तेव्हा डायरीत एकच नंबर बावीस वेळा होता. माझ्या अंगात काय संचारलं म्हणून सांगू! तिथूनच मोबाइलवर आमच्या पेपरच्या पुण्याच्या डेस्कला बातमी सांगितली. हेडिंगसकट. उपसंपादक म्हणाला, साहेब, पहिलं पान.

डॉक्टर पेंडीच्या पोत्यावर बसला होता. वर न बघताच बोलला, "काका, एकेकीला मी माझ्या हाताने टोचलंय."

मी म्हटलं, पकडला गेलेला प्रत्येक जण असंच म्हणतो. आज हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

तेवढ्यात रामरती पुढे आली. तिच्या कार्डावर वेगळा नंबर, म्हणजे नियमाने गाय मिळणार नाही. तिने बिजलीला हाक मारली. गाईने कान टवकारले, हंबरली आणि दावं ताणून तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं.

"बाबूजी, अब भी यो डब्बा बतावैगा के गाय किसकी सै?" असं म्हणून तिने यंत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. लाकडी स्टुलाला लावलं. टूं. सिमेंटच्या खांबाला लावलं. टूं. मग माझ्या पोटाला लावलं. टूं. मान कलती करून तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"लो डॉक्टर साब, एक और गाय। इसनै भी बाँध लो।"

शहाणा माणूस असता तर तिथे थांबला असता. मी दुसऱ्यांदा पुण्याला फोन लावला आणि बातमीला जोड दिली: यंत्रही बोगस, घोटाळा थेट खरेदीपर्यंत! स्टुलाचा, खांबाचा आणि माझ्या पोटाचा पुरावा होता ना!

रामरती मात्र यंत्र उलटंपालटं करून बघत होती. तिने कव्हरच्या कापडाला बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "इसनै पतलून किसनै पहराई? और जेब में के धरा सै?"

डॉक्टर पोत्यावरून उठला. खिशाचं बटण काढलं. चकती तळहातावर घेतली, माझ्याकडे बघितलं, ती दूर खिडकीत नेऊन ठेवली. मग यंत्राची पँट उतरवली आणि ते बिजलीच्या मानेशी धरलं. टूं. नंबर कार्डावरचा, शेवटच्या आकड्यापर्यंत. पुढच्या अर्ध्या तासात एकवीस गाईंचे एकवीस नंबर निघाले, सगळे वेगळे, सगळे बरोबर.

तिसरा फोन. उपसंपादक म्हणाला, साहेब, पान लागलंय, हेडिंग झकास आलंय. पस्तीस वर्षांत मी कधी कुणाला बातमी काढ म्हणून विनवलं नव्हतं. त्या दिवशी विनवलं. माझ्या बातमीच्या जागी कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात लागली.

डॉक्टरची मात्र सुटका झाली नव्हती. नंबर साठवायची सोय मी चालू केली होती, त्यामुळे यंत्रात ४१०७ हा नंबर सव्वीस वेळा साठला होता, एक घरचा आणि पंचवीस तिथले. यंत्राने वाचलेला प्रत्येक नंबर रजिस्टरात दाखवायचा, असा नियम. साहेब बुधवारी तेच रजिस्टर बघणार. मी म्हटलं, काय लिहायचं ते लिही, मी सही करतो.

त्याने शांतपणे पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. नंबर: ४१०७. जनावर: एक. रंग: करडा. वय: सुमारे दहा वर्षे. पाय: मूळचे दोन, सध्या एक. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"काका, इथे. मालकाच्या रकान्यात."

मी सही केली. साहेबाने बुधवारी ते वाचलं, म्हणे दहा मिनिटं हसत होता, आणि मग डॉक्टरच्या कागदावर सही केली. तेव्हापासून सरकारी दप्तरात माझ्या नावावर एक जनावर आहे. शेऱ्याचा रकाना रिकामा होता, तो मीच भरला होता. निदान एक गोष्ट तरी बघून लिहावी म्हणून: दूध देत नाही.