आरसा वाचणारा गोटीराम

मखमलाबादला गुलाब-शेवंतीचा मळा असलेल्या मंडलिकांचा गोटीराम १९२८ साली फौजेत भरती झाला. बंदूक मिळाली, पण ती नावालाच. हातात आला तो आरसा, कारण पलटण सिग्नलची होती. तिच्या एका कंपनीकडे तारा ओढायचं काम होतं आणि दुसरीकडे बिनतारी यंत्रं, तिथं बहुतेक गोरेच. गोटीरामची तिसरी कंपनी आरसे आणि झेंडे सांभाळायची. टेकडीवर उभं राहून ऊन आरशात धरायचं आणि दहा-बारा मैलांवरच्या दुसऱ्या टेकडीला लुकलुकवायचं. लहान चमक आणि लांब चमक, एवढ्या दोन खुणांवर सगळे निरोप चालत.

निरोप घ्यायला दोन माणसं लागत. एकानं दुर्बिणीला डोळा लावून चमका वाचायच्या आणि मोठ्यानं बोलायचं, दुसऱ्यानं ते कागदावर उतरवायचं. वाचणाऱ्याला कागद दिसत नसे आणि लिहिणाऱ्याला समोरची टेकडी. गोटीराम वाचायचा. लिहायला होता चिमाजी तिडके, गावातलाच, त्याच्याबरोबर एकाच दिवशी भरती झालेला. जबलपूरला शिकताना दोघं एका ताटात जेवले. गोटीरामला आईबाप नव्हते, धाकटी बहीण सरू त्यानंच वाढवली होती. १९३२ च्या उन्हाळ्यात रजा मिळाली तेव्हा त्यानं सरूचं लग्न चिमाजीशी लावून दिलं. "दाजी, माझ्याकडं हाय ते एवढंच," असं म्हणून तो मांडवात रडला होता.

पुढच्या वर्षी पलटण सरहद्दीवर होती. रस्त्यानं रसद जायची तेव्हा दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर चौक्या बसत, आणि रसद पार झाली की त्या ठरल्या वेळी एकदम उठत. त्या दिवशी निरोप आला की पुढची चौकी चौदा तीसला, म्हणजे दुपारी अडीचला उठवा. कागदावर पडलं पंधरा तीस. बाकीच्या चौक्या उतरून गेल्या आणि पुढचे आठ जण तासभर एकटे राहिले. पठाणांनी त्यांना गाठलं. एक शिपाई गेला, दोघं जखमी झाले.

चौकशी बसली. चारच्या आकड्याला चार लहान चमका आणि शेवटी एक लांब, पाचाला पाचही लहान. फरक काय तो शेवटच्या चमकेचा.

चिमाजी खाली बघत म्हणाला, "त्यानं पाच सांगितलं, मी पाच लिहिलं, साहेब."

"तू काय वाचलंस?" साहेबानं गोटीरामला विचारलं.

"चार... असं वाटतं, साहेब."

"वाटतं, की वाचलं?"

गोटीरामनं चिमाजीकडे पाहिलं. चिमाजी खोटं बोलेल हे त्याच्या मनातही आलं नाही. "माझ्या जोडीदारानं पाच ऐकलं असंल," तो हळूच म्हणाला, "तर मी पाचच बोललो असंन."

त्याचं नाव पलटणीतून कमी झालं. पेन्शन नाही, पदक नाही. स्टेशनपर्यंत चिमाजीनं त्याची ट्रंक उचलून आणली आणि तो ढसाढसा रडला. उलट गोटीरामनंच त्याची समजूत काढली.

घरी आल्यावर त्या मेलेल्या शिपायानं गोटीरामची पाठ सोडली नाही. भर दुपारी काम टाकून तो पांडवलेण्याच्या डोंगराकडे तोंड करायचा. आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा, आणि किती दिसतं ते बघत राहायचा. फुलं तोडताना बायकोला, सखुबाईला विचारायचा, "ही उमलली का गं? नीट बघ." पाच वर्षं अशीच गेली. चिमाजी तेवढ्यात नाईक झाला, मग हवालदार. सरू गावातच सासरी होती, चार दिवसांआड भावाकडे यायची.

१९३८ साली कांद्याचे व्यापारी हबीब शेठ मळ्यावर आले. देवळ्याहून नाशकात कांदा आणायला त्यांनी लॉरी घेतली होती. गोटीराम पलटणीत तारांच्या कंपनीची लॉरी चालवायला शिकला होता हे त्यांच्या कानावर होतं.

"गोटीराम, गाडी तू चालव. दुसरं माणूस मला नको."

"शेठ, माझे डोळे भरवशाचे नाय. एक जीव गेलाय माझ्यापायी. आता रस्त्यावर आणखी घेऊ का?"

शेठ हळहळत निघून गेले. सरू ओट्यावर बसून हार ओवत होती. तिच्या हातातली सुई थांबली.

"दादा, जा तू. तुझ्या डोळ्यांना काय झालं नाय."

"तुला काय माहीत?"

तिनं मान वर केली नाही. "तू चारच सांगितलं होतं. ह्यांचं ध्यान नव्हतं, अंदाजानं लिहिलं त्यांनी. पहिल्या रजेलाच मला बोलले होते."

सखुबाईच्या हातातली टोपली निसटली. गोटीरामनं ती उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पाच वर्षं झाली, सरू."

"मी बोलले असते तर ह्यांना काढलं असतं. मी कुठं गेले असते?"

"माझ्याकडं आली असतीस. आधी कुठं व्हतीस?"

दिवाळीला चिमाजी रजेवर आला. गोटीराम थेट त्याच्या दारात गेला. चिमाजीनं काही नाकारलं नाही. "कोणा एकाला जायचंच होतं, गोट्या. माझं नुकतं लगीन झालेलं."

"कोणाशी?" गोटीरामनं विचारलं.

चिमाजी आत जायला वळला, तसा गोटीरामनं त्याचा दंड धरला.

"तू तुरुंगात जा असं म्हणत नाय मी. खरं काय ते लिहून दे, सही कर. त्या शिपायाच्या घरी कळवायचंय मला, की माझ्यामुळं नाय गेला तो."

"देतो. परवा देतो," असं चिमाजीनं आपल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. ठरल्या दिवशी गोटीराम गेला तेव्हा दाराला कडी होती. रजा आठवडाभर बाकी असताना चिमाजी पहाटेच्या गाडीनं परत गेला होता. शेजारच्या बयाबाईनं सांगितलं, सरूनंच त्याला डबा करून दिला.

मग गोटीरामनं नाशकात एका कारकुनाकडून अर्ज लिहून घेतला आणि पलटणीला पाठवला. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण निकालात निघालेलं आहे, तेव्हाचे साहेब विलायतेला परतले आहेत. कागद घडी करून त्यानं सखुबाईकडे दिला आणि तो हबीब शेठकडे गेला.

त्यानंतर देवळ्याच्या रस्त्यावर तो रोज लॉरी चालवायचा. एकदा सरू रस्त्याच्या कडेला मुलाला घेऊन उभी होती. तिनं हात केला. त्यानं गाडी थांबवली, भाच्याला उचलून शेजारी बसवलं, तिला मागं पोत्यांवर जागा करून दिली. नाशकात द्वारकेच्या नाक्यावर दोघांना उतरवलं. भाच्याशी तो वाटभर बोलत आला होता. सरूशी एक शब्दही बोलला नाही, आणि पुढंही कधी बोलला नाही.