डाव्या बटणावरची पट्टी

भिंगरीला राग कसा येत नाही, हा घोर आईला लागून राहिला होता. डाव्या हाताची तीन बोटं गेली, दवाखान्यातून घरी येऊन महिना उलटला, आणि पोरगी एकदाही ओरडली नाही की रडली नाही. हात स्वेटरच्या बाहीत ओढून घ्यायची आणि म्हणायची, "चूक माझीच होती गं."

भिंगरी हे घरातलं नाव. लहानपणी ती एका जागी बसायचीच नाही. बुटाची नाडी चालता चालता बांधायची, अभ्यास जेवता जेवता करायची, आणि सगळं डाव्या हातानं. कॉलेज तिनं अर्ध्यावर सोडलं. "बसून बसून पायाला मुंग्या येतात," म्हणाली. आईनं अबोला धरून पाहिला, उपयोग शून्य. शेवटी मामाच धावून आला. आईचा हा थोरला भाऊ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होता. सगळे कामगार त्याला दादा म्हणत. "माझ्या नजरेखाली राहील," तो म्हणाला, "तू निर्धास्त राहा."

आणि पोरगी खरंच रमली. घरी आली की टेबलावर पुठ्ठा पसरायची. इथं काप, इथं घडी, झालं बघ खोकं! आईच्या सुयादोऱ्यांपासून बाबांच्या गोळ्यांपर्यंत सगळ्याला तिनं खोकी करून दिली होती. बाबा म्हणायचे, "मी जरा जपूनच झोपतो, नाहीतर मलाही घडी घालून ठेवेल."

पुठ्ठा कापायच्या मशीनला दोन बटणं असतात, हेही आईला तिनंच समजावलं होतं. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे पात्याखाली एकही नाही. मालक सफरचंदं घेऊन भेटायला आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि हळहळत म्हणाले, "डावं बटण तिनं रबरी पट्टीनं कायम दाबलेलं राहील असं बांधून ठेवलं होतं हो. एका हातानं काम उरकायला. आता आम्ही तरी काय करणार?" म्हणूनच हे ऐकून आईची मान खाली गेली. ते गेल्यावर ती पोरीला नाही नाही ते बोलली. "सारखी घाई! कुठली गाडी चुकत होती तुझी?"

तरी शेजारणीनं पिच्छा पुरवला म्हणून आई एका वकीलबाईंना भेटून आली. वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "कामगार निष्काळजी होता, एवढ्यावर मालकाला हात झटकता येत नाहीत. बटण बांधलेलं कारखान्याला माहीत होतं का? चालवून घेतलं होतं का? तेवढं दाखवता आलं तर भरपाईचा दावा उभा राहतो."

"छे हो," आई म्हणाली, "माझा भाऊच तिथं फोरमन आहे. त्याला दिसलं असतं तर त्यानं कानाखाली वाजवली असती."

वकीलबाईंनी आपला नंबर तेवढा दिला.

भिंगरीचे कामाचे बूट कारखान्यातच राहिले होते. मामा "आणतो, आणतो" म्हणायचा आणि विसरायचा. शेवटी आईच गेली. जेवणाची सुट्टी होती, मशीनं थांबलेली, हवेत पुठ्ठ्याची धूळ. बूट पिशवीत घालून ती भिंगरीच्या मशीनपाशी उभी राहिली. ते पुसून लख्ख केलेलं होतं, डावं बटण मोकळं. मग तिची नजर शेजारच्या मशीनवर गेली. त्याच्या डाव्या बटणावर काळी रबरी पट्टी ताणून बांधलेली. पलीकडच्या मशीनवर तशीच. त्याच्या पलीकडेही. सगळ्या एका मापाच्या, टोकं कात्रीनं गोल केलेली. कुणीतरी सवड काढून, नीट कापलेल्या.

"या कुणी बांधल्या?" तिनं विचारलं.

डबा खात बसलेल्या एका बाईनं मान वर केली. "दादांनी. नवं माणूस आलं की पहिल्या दिवशी हातात पट्टी. आमच्याकडे हारतुरे नाहीत, हेच स्वागत!" ती हसली. "तुम्ही कोण?"

"दादांची बहीण."

बाईचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात मामा चहाचा पेला घेऊन आला. "अगं, तू कशाला आलीस? मी आणणारच होतो."

"भिंगरीला पट्टी तू दिलीस?"

त्यानं तिला दाराशी ओढलं. "हळू बोल. दोन्ही हातांनी दाबत बसलं तर संध्याकाळपर्यंत ट्रक भरेल का? मालकांनाही ठाऊक आहे. याआधी इतक्या वर्षांत कुणाला ओरखडाही नाही आला."

"मग ती का म्हणते चूक तिची?"

"मीच सांगितलं तसं म्हणायला. दवाखान्यात. मालक तिला ऑफिसात घेणार आहेत, बसून काम. आणि माझी निवृत्ती तोंडावर आलीय गं."

दवाखान्यात! त्या वेळी आई खोलीबाहेर बाकावर बसली होती. निदान भाऊ तरी पोरीजवळ आहे, म्हणून देवाचे आभार मानत होती.

"तुझ्या मनाला लागलं असेल तर उद्या सकाळी सगळ्या पट्ट्या काढून टाकतो," मामा म्हणाला, लहान मुलाची समजूत घालावी तसा. "मग तर झालं?"

घरी येताच तिनं बूट खाली ठेवले. "पट्टी मामानं दिली होती तुला."

भिंगरीनं बाही खाली ओढली. "जाऊ दे ना आई. त्याची नोकरी जाईल."

"तू डावरी आहेस, हे तरी त्याला..."

"आठवण करून दिली होती मी. म्हटलं, पुठ्ठा आत सरकवायला डावा हात जातो, आणि माझा कामाचा हात तोच, आपसूक पुढं जातो. तर हसला. म्हणाला, भिंगरी ना तू? तुझा हात कुणाला सापडतोय!"

आईनं फोन उचलला.

"कुणाला करतेस? मामाला?"

"मामाशी भांडायला अख्खा जन्म पडलाय. वकीलबाईंना करतेय. पट्ट्या आज जागेवर आहेत. कुणीतरी आजच जाऊन बघायला हवं."

"आणि पट्टी देणाऱ्याचं नाव त्यांनी विचारलं तर?"

"सांगेन," आई म्हणाली, आणि तिनं नंबर लावला.